डायल दुप्पट बोलते

डोमाभाऊ डायल लावायला बसले की आधी पंखा बंद करायचे. मग रेडिओ. मग अंगणातल्या कोंबड्या हाकलायचे आणि शेवटी माझ्याकडे बघायचे. आमचं मोटार पार्ट्सचं दुकान आणि त्यांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही छातीएवढी. "वयनी, पाच मिनिट," एवढंच म्हणायचे. म्हणजे मी तोंड मिटायचं. अख्ख्या नागभीडमध्ये मला गप्प बसा म्हणणारा तो एकच माणूस. आमच्या सासूबाईंनीसुद्धा तो नाद कधीचा सोडून दिला होता.

"पंख्यानं काटा हालते का हो?" मी एकदा विचारलं.

"काटा नाई हालत, वयनी. मी हालतो."

डायल म्हणजे हातघड्याळापेक्षा जरा मोठं, काचेचं, एका काट्याचं यंत्र. एका राईस मिलचा म्हातारा फिटर गाव सोडून जाताना ते डोमाभाऊंना देऊन गेला होता. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. पाना मागा, जॅक मागा, माणूस हसत देईल; डायल मागितली की ऐकूच येत नसल्यासारखं करायचे. एरवी किडमिडीत, काळेसावळे, अंगात भोकाभोकाचं बनियन. जातीचे ढीवर. बाप तलावावर मासे धरायचा, आणि काम नसलं की डोमाभाऊही दारात बसून जाळं विणायचे. "जाऱ्यात एक भोक मोठं राह्यलं नं वयनी, त मासा तेच शोधते," म्हणायचे. गाड्यांचंही त्यांना तसंच वाटायचं.

ते काय मोजायचे ते मला कळायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. गाडीचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. दोघांच्या मध्ये घंटेच्या आकाराचं एक जाड कवच असतं, गॅरेजात त्याला बेल म्हणतात. बेलच्या मागच्या अंगाला मोठं गोल भोक असतं, गिअरबॉक्स त्यात बसतो. ते भोक इंजिनच्या शाफ्टच्या नेमकं मध्यावर यायला हवं. केसभर बाजूला असलं तरी बोल्ट लागतात, गाडी सुरू होते, पळते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण आतला शाफ्ट रोज थोडा ताणात फिरतो, बेअरिंग खातो, आणि मग कधीतरी चढावर गिअर आपोआप निसटतो. इतर मिस्त्री बेल लावायचे, गिअरबॉक्स ढकलायचे, मोकळे व्हायचे. डोमाभाऊ इंजिनच्या चाकाला डायल बसवायचे, तिचं टोक बेलच्या भोकाच्या काठाला टेकवायचे आणि इंजिन पान्यानं हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचे. हळू, म्हणजे किती हळू, तर माझा चहा निवायचा.

यात एक गोम होती, आणि त्यांचा सगळा स्वभाव त्या गोमेत होता. भोक पाचानं बाजूला असलं तर काटा दहा दाखवतो. एका बाजूला पाच जवळ, दुसऱ्या बाजूला पाच लांब, मिळून दहा. म्हणून दिसेल त्याचं अर्धं घ्यायचं. "डायल दुप्पट बोलते, वयनी. तिचं आधं आयकाचं." हे ते स्वतःची फजिती सांगून समजवायचे. "पयल्या खेपेला मले ठाऊक नोतं. डायलनं दहा दाखवलं, म्या बेल पुरी दहा सरकवली. पुन्हा लावून पायतो त दहाच! इकडचे तिकडे गेले. फिटर हासून हासून बेजार."

मग ते जगातल्या सगळ्याच गोष्टींचं अर्धं घ्यायला लागले. मुलीसाठी स्थळ आलं, मध्यस्थ म्हणाला, पाच एकर धान आणि नागपूरला बारमाही नोकरी. डोमाभाऊ बघायला गेले तर अडीच एकर निघाले आणि नोकरी सहा महिन्यांची. आनंदानं परत आले, म्हणाले, "डायल बरोबर होती," आणि मुलगी दिली. ती सुखात आहे. मी भिंतीवरून नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायची, हा माणूस माझं काही म्हणता काही ऐकत नाही. डोमाभाऊ मान न उचलता म्हणायचे, "आधं घेतो, वयनी. म्हंजे आधं त आयकते नं यशवंतभाऊ." यावर काय बोलणार, कपाळ?

इथवर मी हसत सांगते आहे. पुढचं सांगताना मला काही होत नाही. काही होत नाही म्हणजे खरंच होत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय फार वेळ राहिले की बोटं जशी होतात, टोचलं तरी कळत नाही, तसं. तेव्हा जसं झालं तसं सांगते.

दुकान सासऱ्यांचं. आमचे हे, म्हणजे यशवंतराव, गल्ल्यावर बसणारे नव्हतेच. त्यांचा जीव जीपमध्ये. म्हणून दुकान मी बघायची आणि हे सवारीची काळीपिवळी चालवायचे. जीपचं केव्हा काय करायचं हे मात्र मी ठरवायची, कारण सामान माझ्या दुकानातून जायचं आणि तोंड माझं मोठं होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर जीपच्या बेलचा बोल्ट बसायचा एक कान तुटला. मी नागपूरच्या भंगारातून दुसऱ्या जीपची बेल आणवली. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, तुकतुकीत. स्वतः निवडून घेतल्यासारखी मी ती डोमाभाऊंसमोर ठेवली.

त्यांनी बेल बसवली. पंखा बंद, रेडिओ बंद, कोंबड्या बाहेर. "वयनी, पाच मिनिट." फेरा फिरवला. पुन्हा फिरवला. मग डायल पुसून डब्यात ठेवली आणि भिंतीशी आले.

"अठरा दाखवून राह्यली."

अठरा म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले अठरा, आणि त्याचं अर्धं नऊ. पाचापर्यंत ते चालवून घ्यायचे.

"अजी, एकाच कंपनीची आहे," मी म्हणाले. "त्यात काय पाहाचं?"

"बेल ज्या इंजिनसंगं जन्मते, त्याचीच राह्यते, वयनी. दुसऱ्याच्या घरी गेली की जागा करून द्या लागते." त्यासाठी, म्हणजे बेल तेवढी सरकवून बसवायला, दोन पोलादी खुंट्या लागायच्या, बोटभर लांबीच्या, ज्यांचं अर्धं अंग जरासं बाजूला सरकलेलं असतं. त्या लेथवर करून घ्यायला ब्रह्मपुरीला जावं लागणार होतं. "एक दिवस द्या मले. उद्या संध्याकारी गाडी घेऊन जा."

आणि माझ्याकडे तो एक दिवस नव्हता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतं. नाटक उभं राहिलं नाही तर ती मंडई झाली असं कोणी म्हणत नाही. त्या दिवशीची मंडई माझ्या माहेरची होती. माझा भाऊ नाटकाच्या कमिटीत. वडशाहून नटमंडळी आणि पेट्या घेऊन यायला जीप आमची, शब्द माझा. त्या दिवसांत भाड्याला दुसरी गाडी तर सोडाच, सायकलसुद्धा मिळत नाही. माहेरच्या चार माणसांत माझं नाक कापलं जाणार होतं, आणि हा माणूस मला इंचाच्या हजारातले नऊ भाग सांगत होता.

"आज काही होते काय त्यानं?" मी विचारलं.

"आज नाई होत. चार-सा महिन्यात बेअरिंग खाईन. मंग चढावर गिअर फेकंन."

"मंग आज बसवून द्या. आठ दिवसानं खोलू."

ते भिंतीला टेकून उभे राहिले. "म्या असा कवा गिअरबॉक्स देला नाई, वयनी."

"माह्यासाठी द्या," मी म्हणाले. वर आणखी म्हणाले, "तुमच्या डायलपायी माह्या माहेरचं नाटक बुडवता काय?" त्यांनी गिअरबॉक्स बसवला. नाटक झालं. माझा भाऊ मिरवला, मी मिरवले.

आठ दिवसांनी डोमाभाऊ भिंतीवरून म्हणाले, "वयनी, बेल राह्यली." मी म्हटलं, पुढच्या गावची मंडई आहे. दर सोमवारी गॅरेज उघडलं की ते तेच म्हणायचे, ना आवाज चढवायचे, ना दुसरा शब्द वापरायचे. वयनी, बेल राह्यली. मंडया झाल्या, मग शंकरपट आले, बैलांच्या शर्यतींना सवाऱ्या तुडुंब. मग लग्नसराई. यांनाही एकदा त्यांनी सांगितलं, गाडी खोलायची आहे. हे म्हणाले, तिले विचार. आणि ती मी होते. फाल्गुनात दुसरा गिअर निसटायला लागला. हे गुडघ्यानं दांडा दाबून धरायचे आणि म्हणायचे, जुनी झाली म्हातारी. मी ऐकलं आणि बिलं लावत बसले.

चैत्रात, दुपारी, सवाऱ्या उतरवून हे एकटेच परत येत होते. रस्ता तलावाच्या पाळीवर चढतो तिथं गिअर निसटला. यांनी ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं, गाडी चढावर अडकली. त्या जीपला हँडब्रेक नावापुरताच होता, आणि गिअर तर टिकतच नव्हता. चाकाखाली दगड लावावा म्हणून यांनी एक पाय ब्रेकवर ठेवून दुसरा खाली टाकला, दगड ओढायला वाकले आणि वरचा पाय सुटला. जीप मागे आली. उजवा पाय गुडघ्याच्या खाली चाकाखाली सापडला, आणि डॉक्टरांनी तो तिथूनच काढला.

दवाखान्याच्या आवारात सगळे जमले होते. माझ्या भावानं, त्याच त्या कमिटीवाल्या भावानं, डोमाभाऊंची गचांडी धरली. "गिअरबॉक्स तू बसवला होता ना?"

"हाव. म्या बसवला," डोमाभाऊ म्हणाले. "बेल वाकडी होती. मले ठाऊक होतं."

भावानं त्यांच्या कानफटात मारली. मी चार हातांवर उभी होते. हातात चहाचा थर्मास होता. मला अजून त्याचा रंग आठवतो, हिरवा. मी काही बोलले नाही.

नंतर मी नळावर गेले तेव्हा ते मागून आले. "वयनी, डायल दुप्पट बोलते," म्हणाले. "लोकं जे बोलून राह्यले त्यातलं आधं माहं आहे. म्या गाडी द्याले नोती पायजे." मी वाट बघत उभी राहिले, आता उरलेलं अर्धं कोणाचं ते हा माणूस सांगेल. त्यांनी नाव घेतलं नाही, बस पकडायला निघून गेले. खरं सांगते, मला त्यांचा राग आला. शिव्या दिल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या आणि ते तिथल्या तिथं मिटलं असतं. ते अर्धं त्यांनी माझ्यासमोर नुसतं ठेवलं आणि गेले.

मी ते उचललं नाही. एक दिवस गेला, मग महिना, मग सांगायची वेळच निघून गेली असं मी स्वतःला सांगितलं. गावात बोलणं सुरू झालं, डोमाच्या हातातली कारागिरी गेली. गिअरबॉक्स, क्लच, कोणी त्यांच्याकडे आणेना. पंक्चर आणि ऑइल बदलणं उरलं. माझ्या दुकानात उभं राहून लोक म्हणायचे, बाई, तुमच्या शेजारच्या मिस्त्रीनं तुमचाच संसार मोडला. मी म्हणायची, असो. तो "असो" मी बारा वर्षं म्हणत होते.

यांना कृत्रिम पाय बसवला. त्याचे पट्टे संध्याकाळी सोडायचे, सकाळी बांधायचे, हे काम पहिल्या दिवसापासून मी घेतलं. हे म्हणायचे, मले येते. मी सोडून दिलं नाही. रोज खाली बसून ते चार पट्टे सोडायची आणि वाटायचं, हे केलं की झालं. काय झालं ते मला माहीत नाही.

मध्ये एकदा बाहेरगावचा कोणी ट्रॅक्टर घेऊन आला, गावातलं बोलणं ठाऊक नसलेला. डोमाभाऊंनी फडताळावरून पत्र्याचा डबा काढला. मी भिंतीपलीकडून बघत होते. पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. कोंबड्या हाकलल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पाच मिनिट म्हणाले नाहीत. मी तशीही गप्पच होते.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी छातीत दुखलं, गाडी मिळेपर्यंत संपलं. चार दिवस आधी माझ्याकडून ऑइलचा एक डबा घेऊन गेले होते. ऊन लय आहे, म्हणाले. हाव, मी म्हणाले. बारा वर्षं आमचं बोलणं एवढंच होतं, आणि शेवटचंही तेवढंच झालं. बातमी आली तेव्हा मी रॅकमधले फॅनबेल्ट लावत होते. सगळे लावून झाले, मग उठले.

तेरवीला आम्ही दोघं गेलो. अंगणात मंडप, पंगत बसलेली. शेजारधर्म म्हणून मी वाढायला लागले. यशवंतराव खुर्चीवर, पाय पुढे करून. डोमाभाऊंची बायको कौसल्याबाई उंबऱ्यात बसली होती. कोणीतरी म्हणालं, माणूस भला होता, पण यशवंतभाऊचं मात्र वाटोळं केलं. यावर आमचे हे मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "झाली चूक त्याच्या हातानं. पण म्या त्याले कवाचंच माफ केलं." लोकांनी माना डोलावल्या. "मोठं मन आहे बापा यशवंतभाऊचं."

माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी खाली ठेवली.

"माफ कराचं असन त आधंच करा त्यायले," मी म्हणाले. "आधं माहं आहे."

पंगत थांबली.  पार्ट्सचे भाव सांगावेत तसं मी सांगितलं. "बेल म्या आणली होती. अठरा दाखवून राह्यली होती. ते एक दिवस मागत होते, म्या नाई देला, माह्या माहेरचं नाटक होतं. मंग दर सोमवारी सांगत होते, बेल राह्यली. म्या नाई आयकलं. त्यायनं माहं नाव नाई घेतलं, आणि म्याबी नाई घेतलं."

 यशवंतराव माझ्याकडे बघत नव्हते, पत्रावळीकडे बघत होते. कौसल्याबाई उठून आल्या. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं.

"ते जित्ते होते तवा काऊन नाई बोलल्या, वयनी?"

  त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग माझ्या पायाशी ठेवलेली बादली उचलली आणि राहिलेल्या पंगतीला स्वतः वरण वाढलं. नवऱ्याच्या तेरवीची पंगत त्या बाईनं वाढली, माझ्यामुळे.

घरी आलो. संध्याकाळी मी नेहमीसारखी पट्टे सोडायला खाली बसले, तर यांनी पाय मागे ओढला. स्वतः काढला, बराच वेळ लागला, आणि भिंतीशी उभा केला. सकाळी स्वतः बांधला. असे सहा दिवस. बोलणं कामापुरतं, मीठ दे, फोन आला होता. गावात बातमी पसरायची ती पसरली. माझ्या भावाचा फोन आला, मी उचलला नाही. पलीकडे गॅरेजला कुलूप होतं आणि दोन कोंबड्या पायरीवर बसून असायच्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी हे खाटेवर बसले होते. मी पोळ्या करून बाहेर आले.

"किती म्हणत होती तू? डायल?"

"अठरा."

 यांनीही डोमाभाऊंच्या शेजारात इतकी वर्षं काढली होती.

"म्हंजे नऊ," म्हणाले, आणि पाय माझ्यापुढे केला.

मी खाली बसले आणि पट्टे सोडायला लागले.